फोनचं मूळ गाव

सुरतेत खानदेशी माणसाला खानदेशी माणूस भेटला की दुसऱ्याच वाक्यात गाव विचारलं जातं. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत अमळनेर, शिरपूर, शहादा, पारोळा ही नावं दिवसभर कानावर पडतात. गाव कळलं की तालुका, तालुक्यावरून आडनाव, आडनावावरून कुठलं तरी लांबचं नातं निघतं आणि मग खरं बोलणं सुरू होतं. जुन्या मोबाईलच्या दुकानातही हाच प्रश्न विचारतात, पण फोनबद्दल. "हा कुठला भाऊ? दुबईचा, अमेरिकेचा, का आपला?" उत्तरावर भाव ठरतो. कंपनी तीच, वर्ष तेच, रंगही तोच. गाव वेगळं म्हणून किंमत वेगळी.

हा प्रश्न सुरतेनं विचारावा यात गंमत आहे, कारण या शहराच्या सगळ्यात मोठ्या मालाला गावच नाही. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी, नगांच्या हिशेबानं, दहातले नऊ सुरतेच्या हातून जातात असं या धंद्यात सांगितलं जातं. बोट्स्वानाच्या खाणीतला खडा अँटवर्प किंवा दुबईमार्गे वराछ्यात येतो, कतारगामच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, घासला जातो आणि हाँगकाँगच्या पेढीवर विकला जातो. २००३ पासून कच्च्या हिऱ्याबरोबर मुळाची हमी देणारा किंबर्ली प्रक्रियेचा दाखला लागतो खरा. पण तो कागद झाला. खड्याला स्वतःला काही आठवत नाही. सुरतेत जेवढा चमकतो तेवढाच तो न्यूयॉर्कमध्ये चमकतो.

फोन मात्र विसरत नाही. तो कोणत्या देशात विकण्यासाठी बनला, तिथल्या कंपनीनं त्याला कोणत्या अटी घातल्या, तिथल्या सरकारनं काय बंद ठेवायला लावलं, हे सगळं त्याच्या पोटात राहतं. यातला थोडाच भाग तंत्राचा आहे. बाकीचा व्यापाराचा, कराचा आणि कायद्याचा. आणि या आठवणींचा हिशेब चुकता करावा लागतो तो बहुतेक वेळा शेवटच्या मालकाला, ज्यानं परदेश कधी पाहिलेलाही नसतो. परदेशातून फोन आणावा की नाही, यावर घरोघरी चर्चा होते तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाचे किती वाचले हे मोजलं जातं. शेवटच्याचे किती बुडाले, ते त्या हिशेबात कुठेच नसतं.

सुरतेत ही उतरंड डोळ्यांनी बघता येते. हजिऱ्याच्या कारखान्यांत आयुष्य काढून अडाजण-पालकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलं न्यू जर्सी, टेक्सासला आहेत. हिऱ्याच्या दलालांचं दुबई-हाँगकाँगला जाणं-येणं चालूच असतं. १६ फेब्रुवारी २०१९ ला शारजा-सुरत विमान सुरू झालं. १५ डिसेंबर २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं सुरत विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला आणि दोनच दिवसांनी खजोदच्या डायमंड बुर्सचं उद्घाटन झालं. येणाऱ्यांच्या बॅगेत खजूर असतात, चॉकलेटं असतात आणि फोन असतो. दोन-तीन वर्षं वापरून झाला की तो धाकट्या भावाकडे जातो, तिथून ड्रायव्हरकडे, तिथून जनता मार्केटसारख्या बाजारात, आणि शेवटी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये किंवा लिंबायतच्या लूमच्या खात्यात बाराबारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या पोराच्या खिशात. प्रत्येक पायरीवर फोनविषयीची एखादी माहिती गळते. पहिल्या मालकाकडे पावती असते, दुसऱ्याकडे खोका, तिसऱ्याकडे आठवण. चौथ्याकडे नुसता फोन.

परमुलखातून आणलेल्या वस्तूची झडती ही सुरतेला नवी गोष्ट नाही. १६६६ च्या जानेवारीत जाँ द तेवनो हा फ्रेंच प्रवासी बसऱ्याहून जहाजानं इथे उतरला, तेव्हा मोगलांच्या जकातघरात उतारूंची कशी कसून तपासणी होते याचं त्यानं सविस्तर वर्णन करून ठेवलं आहे. अंगावरच्या कपड्यांत लपवलेलं सोनं आणि मोती शोधणं हा त्या झडतीचा हेतू होता. आजच्या ग्रीन चॅनलवरून चालणाऱ्या माणसाच्या पोटात येणारा गोळा त्याच जातीचा आहे.

हिशेब असा. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार पुढची जवळपास दहा वर्षं परदेशातून विमानानं येणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येत होत्या. त्यावरच्या किमतीवर ३५ टक्के शुल्क, अधिभार धरून ३८.५ टक्के. २०२६ मध्ये ही मर्यादा ७५,००० झाली. वापरलेल्या वैयक्तिक वस्तू मोजायच्या नाहीत, असंही नियम सांगतो. म्हणून दुबई विमानतळावरची ती सर्वपरिचित युक्ती: खोका कचऱ्यात टाकायचा, फोनला कव्हर चढवायचं, स्वतःचं सिम घालायचं, दोन फोटो काढायचे. अशा रीतीनं एक नवाकोरा फोन अर्ध्या तासात जुना होतो. या नाटकाची खरी किंमत पुढे कळते. खोक्यासोबत त्या फोनचं जन्मगाव छापलेला कागदही कचऱ्यात जातो.

आणखी एक विसंगती इथेच नोंदवायला हवी. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप या मर्यादेबाहेर, शुल्कमुक्त आणता येतो. लॅपटॉप म्हणजे शिक्षणाचं, कामाचं साधन, असा त्यामागचा विचार. विचार बरोबरच आहे. तो ज्या काळात केला गेला तेव्हा फोनवर मुख्यतः बोलणंच होत होतं. आज डिंडोलीतल्या मुलाचा अभ्यास, आईचा गॅस सिलिंडर, बापाचा पगार आणि मुलीच्या परीक्षेचा फॉर्म हे सगळं एका फोनवर चालतं. लॅपटॉप त्या घरात आलेलाच नाही. मग माणशी एक लॅपटॉप चालतो तर माणशी एक फोन का चालत नाही? देशी उत्पादनाला संरक्षण हवं, हे त्याचं नेहमीचं उत्तर. बाहेरून येणाऱ्या मोबाईलवरचं मूळ आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवर गेलं, जुलै २०२४ मध्ये १५ वर आलं. या भिंतीच्या आडोशाला देशात फोनचे कारखाने उभे राहिले, हे नाकारता येत नाही.

पण त्या यशानंच हे उत्तर विचित्र करून टाकलं आहे. २०१७ मध्ये बंगळूरला आयफोनची जुळणी सुरू झाली. पुढे श्रीपेरंबुदूर, होसूर, कोलारजवळचं नरसापूर ही नावं या उद्योगात आली. मे २०२५ मध्ये आयफोन बनवणाऱ्या कंपनीच्या टिम कुक यांनी सांगितलं की त्या तिमाहीत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनपैकी बहुसंख्य भारतात बनलेले असतील. म्हणजे तमिळनाडूतल्या मुलींनी जोडलेला फोन न्यू जर्सीच्या दुकानात विकला जातो, तिथून कुणाचा तरी मुलगा दिवाळीला तो सुरतेला आणतो, आणि मायदेशी परत आलेल्या त्या फोनवर 'परदेशी' म्हणून शुल्क मागितलं जातं. फोन कुठे जन्मला यापेक्षा तो कुठे विकला गेला याला महत्त्व, असा हा न्याय. लग्नात मुलीचं आडनाव बदलावं तसं विक्रीनं फोनचं गाव बदलतं.

फोनच्या सरहद्दी निसर्गानं आखलेल्या नाहीत हे समजायला परदेशात जायची गरज नाही. सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन पुरेसं आहे. १ मे १९६० ला मुंबई राज्याची वाटणी झाली आणि राज्याची हद्द या स्टेशनाच्या मधून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात. स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, जो भाग २००७ पर्यंत सुरत जिल्ह्यात होता आणि आता तापी जिल्ह्यात आहे. फलाटावरचं एक बाक अर्धं इकडे, अर्धं तिकडे. त्यावर बसून फोटो काढल्याशिवाय नवखा प्रवासी पुढे जात नाही. दूरसंचार खात्यानंही देशाचे असेच तुकडे पाडले होते. गुजरात एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा दुसरं, मुंबई शहर तिसरं. प्रत्येक सर्कलचे परवाने वेगळे, दर वेगळे. सुरतेत घेतलेलं सिम नवापूर ओलांडलं की 'रोमिंग'वर जायचं. बाकाच्या एका टोकाला बसलेल्याला आलेला फोन आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्याला आलेला फोन यांचे भाव वेगळे.

सुरतेतून खानदेशात लग्नाला, दसव्याला, शेताच्या वाटणीला जाणाऱ्या माणसानं ते दिवस भोगले आहेत. गाडी हद्दीजवळ आली की फोन बंद करायचा. घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं: मिस्ड कॉल दे, मी एसटीडी बूथवरून करतो. १९९५ च्या ३१ जुलैला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन लावला, त्यानंतर कित्येक वर्षं तर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ते १ मे २००३ पासून थांबलं, पण आपल्या सर्कलपुरतंच. जुलै २०१५ मध्ये नंबर न बदलता देशभर कुठेही कंपनी बदलण्याची सोय झाली आणि २०१७ मध्ये बड्या कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे दर काढून टाकले. योगायोग म्हणजे त्याच वर्षी, १५ जूनला, युरोपीय संघानं सदस्य देशांमधलं रोमिंग शुल्क रद्द केलं. नवापूरचा टॉवर २०१६ मध्ये होता तिथेच २०१८ मध्येही होता. लहरी त्याच होत्या. बदलला तो करार.

लहरींचा अडथळा मुळीच नव्हता, असं म्हणणंही खोटं ठरेल. भारत आणि युरोपनं जीएसएमसाठी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्‌झचे बँड वापरले, अमेरिकेनं ८५० आणि १९००. त्या काळात अमेरिकेतून हौसेनं आणलेला फोन इथे सुरू व्हायचा, घड्याळ दाखवायचा, सापाचा खेळही खेळू द्यायचा; फक्त रेंज यायची नाही. मोटोरोलाचा तीन बँडांचा टाइमपोर्ट १९९९ मध्ये आला तो याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. अमेरिकेतल्या काही कंपन्यांचे सीडीएमए फोन तर असे की त्यांत सिमच नसायचं. ते सुरतेत आले की शोकेसमध्ये बसायचे.

फोरजीत हा घोळ बारीक झाला, संपला नाही. २०१४ चा आयफोन ६ घ्या. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच्या ए१५४९ या मॉडेलमध्ये बँड ४०, म्हणजे २३०० मेगाहर्ट्‌झ, नव्हता. ए१५८६ मध्ये होता. दोन्ही फोन समोरासमोर ठेवले तर आईसुद्धा फरक ओळखणार नाही. भारतात २०१२ मध्ये कोलकात्याला फोरजी सुरू झालं ते याच २३०० वर, आणि ५ सप्टेंबर २०१६ ला आलेल्या जिओचाही हा एक मुख्य बँड. जिओला टूजी-थ्रीजीचा आधार नव्हता, बोलणंसुद्धा फोरजीवरूनच. त्यामुळे एरवी इंटरनेट चालवणारा परदेशी फोन जिओवर बोलायला नकार देई आणि मालक सिमवाल्याशी भांडत बसे. आजच्या महाग फोनमध्ये मात्र जगातले बहुतेक बँड असतात. लहरींची सबब आता फारशी उरलेली नाही.

उरली आहेत ती कुलपं. अमेरिकेत फोन दूरसंचार कंपनीकडून हप्त्यानं घ्यायची रीत आहे आणि हप्ते फिटेपर्यंत फोनला तिचंच सिम चालावं असं कुलूप असतं. जून २००७ मध्ये पहिला आयफोन आला तो एकाच कंपनीला बांधलेला. दोन महिन्यांत न्यू जर्सीच्या सतरा वर्षांच्या जॉर्ज हॉट्झनं ते कुलूप फोडून दाखवलं. मग कायद्याचा खेळ सुरू झाला. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत नवा फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं कॉपीराइट कायद्याखाली बेकायदा ठरलं. त्याविरुद्धच्या अर्जावर लाखावर लोकांनी सह्या केल्या आणि १ ऑगस्ट २०१४ ला बराक ओबामांनी नवा कायदा करून ही मुभा परत दिली. कॅनडानं डिसेंबर २०१७ पासून, जपाननं ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटननं त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कुलूपबंद फोन विकायलाच मनाई केली.

या सगळ्या लढाईचा सुरतेशी संबंध असा की ज्याचे हप्ते फिटले नाहीत असा अमेरिकी फोनही इथे येतो. न्यू जर्सीतला मुलगा नव्या फोनसाठी जुना हप्ता अर्ध्यात सोडून देतो. फोन मात्र सुरतेला काकांकडे पोचलेला असतो. इथल्या बाजारात त्याच्यावर उपाय आहे: सिमखाली चिकटवायची कागदाएवढी पातळ चिप. चिप फोनला खोटं सांगते की आत तुझ्याच कंपनीचं सिम आहे. सॉफ्टवेअर अद्ययावत केलं की थाप उघडी पडते आणि फोन मुका होतो. तोवर तो तिसऱ्या हातात गेलेला असतो.

हप्त्यांसाठी कुलूप, हे निदान समजण्यासारखं. पण २०१३ मध्ये सॅमसंगनं गॅलक्सी नोट ३ वर प्रदेशाचं कुलूप घातलं तेव्हा तीही सबब नव्हती. युरोपात विकलेल्या फोनच्या खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी सांगायची की हा फोन युरोपातल्याच सिमवर चालेल. ओरड झाल्यावर कंपनीनं खुलासा केला की एकदा युरोपातल्या सिमवर सुरू करून घेतला की बाहेरची सिमंही चालतील. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला विकणाऱ्यानं आधी माझ्या अंगणात पाया पडून ये म्हणावं, अशातला हा प्रकार. यामागचं कारण एकच: एका देशात स्वस्त आणि दुसऱ्यात महाग विकायचं असेल तर स्वस्तातला माल महाग देशात जाऊ द्यायचा नाही. खुल्या बाजाराची गाणी गाणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकानं बाजार खुला करून घेतलेला आवडत नाही.

काही आठवणी गमतीच्या वाटतात. जपान किंवा दक्षिण कोरियात विकलेल्या आयफोनवर कॅमेऱ्याचा 'खच्च' आवाज सहसा बंद करता येत नाही, कारण चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तिथे तसा दंडक आहे. चीनमधल्या बऱ्याच मॉडेलांत दोन खरीखुरी सिमं बसतात. संयुक्त अरब अमिरातींत विकले जाणारे आयफोन अनेक वर्षं फेसटाइमशिवाय येत, आणि दुबईहून आणलेल्या फोनवर अमेरिकेतल्या नातवाचा चेहरा का दिसत नाही हे आजोबांना समजावताना घरच्यांची दमछाक होई. सगळ्यात मोठा बदल सिमच्या खाचेचा. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकी मॉडेलांना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. २०२५ च्या आयफोन १७ मध्ये हीच गोष्ट अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन इथल्या मॉडेलांवरही आली. भारतातल्या आयफोन १७ ला खाच आहे, दुबईतल्याला नाही. आखात हे आपल्याकडच्या परदेशी फोनचं सगळ्यात जवळचं माहेर, म्हणून हा बदल येत्या चार-पाच वर्षांत जुन्या फोनच्या बाजारात जाणवेल.

सरकारांची कुलपं आणखी भारी. तुर्कस्तानात परदेशातून आणलेला फोन १२० दिवसांत नोंदवावा लागतो. २०२५ मध्ये या नोंदणीचं शुल्क ४५,६१४ लिरा होतं. त्या वर्षी तिथलं किमान मासिक वेतन हातात २२,१०४ लिरा पडत होतं. पाकिस्तानात दूरसंचार प्राधिकरणाकडे, म्हणजे 'पीटीए'कडे, कर भरून नोंद न केलेला फोन नेटवर्कवरून उडवला जातो, आणि कराची-लाहोरच्या बाजारात एकाच फोनचे 'पीटीए' आणि 'नॉन-पीटीए' असे दोन भाव बोलले जातात. दुबईत मजुरी करणाऱ्यानं बायकोसाठी पाठवलेला फोन तिच्या हातात पोचून आंधळा होतो. इंडोनेशियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आयफोन १६ ची विक्री रोखली, कारण ४० टक्के स्थानिक वाट्याची अट कंपनीनं पाळली नव्हती; प्रवाशानं स्वतःसाठी आणलेला चालत होता, विकलेला नाही.

या रांगेत भारत बराच सैल आहे आणि ते बरंच आहे. इथे परदेशातून स्वतःपुरता आणलेला फोन सिम घातलं की चालतो, कुणाकडे जाऊन नोंद करावी लागत नाही. नियम आहेत ते आयएमईआय या पंधरा आकडी ओळखक्रमांकाभोवती. '*#०६#' दाबलं की तो दिसतो. नोव्हेंबर २००९ च्या अखेरीस असा क्रमांक नसलेले फोन बंद करण्याचा आदेश निघाला, तेव्हा बाजार चिनी फोनांनी भरलेला होता; १९९ रुपयांत फोनला अधिकृत आयएमईआय टोचून देण्याची सोय करावी लागली होती. तरी क्रमांकांची बनवाबनवी थांबली नाही. २०२० मध्ये मेरठच्या पोलिसांना एकच आयएमईआय असलेले साडेतेरा हजारांवर फोन सापडले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं हा क्रमांक बदलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. चोरीचा फोन बंद करणाऱ्या केंद्रीय नोंदणीची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाली. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवरून ती देशभर खुली झाली.

सगळीच कुलपं वाईट, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. चोरीचं उदाहरण उलट दिशेनं बोलतं. लंडनच्या रस्त्यांवर हिसकावलेले फोन ब्रिटनमध्ये बंद होतात आणि म्हणूनच ते देशाबाहेर जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडन पोलिसांनी उघडकीस आणलेल्या एका टोळीवर वर्षभरात ४०,००० पर्यंत फोन चीनला पाठवल्याचा संशय होता. तिथे ब्रिटनच्या काळ्या यादीला कुणी विचारत नाही. चोरीच्या बाबतीत सीमा सैल आहेत आणि व्यापाराच्या बाबतीत आवळलेल्या. नेमकं उलटं असायला हवं होतं.

जिवाच्या प्रश्नावरही कुलूप लागतं. ऑस्ट्रेलियात २८ ऑक्टोबर २०२४ पासून उरलेलं थ्रीजीही बंद पडायला लागलं. काही फोन रोजचं बोलणं फोरजीवर करत, पण तातडीच्या ००० या क्रमांकाला मात्र थ्रीजीवरूनच लावत. असे फोन नेटवर्कवरून काढून टाका, असा सरकारनं कंपन्यांना आदेश दिला, आणि त्यात परदेशातून आणलेले, तसे चांगले चालणारे कितीतरी फोन गेले. राग आला तरी आदेश चुकीचा म्हणता येणार नाही. ज्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावता येत नाही तो चालू असल्याचा भास निर्माण करणं जास्त धोक्याचं. भारतातही नव्या फोनवर ११२ साठी पॅनिक बटण २०१७ पासून सक्तीचं आहे. पडद्यावर सगळ्या अधिकृत भारतीय भाषा वाचता याव्यात, असंही मानक आहे. बाहेर विकल्या गेलेल्या फोनला ही बंधनं लागू नाहीत.

उपग्रहाशी थेट बोलणाऱ्या उपकरणांची तऱ्हा निराळी. मुंबईवरच्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी सॅटेलाइट फोन वापरला होता, आणि विनापरवाना असं यंत्र बाळगणं इथे गुन्ह्याच्या खात्यात जातं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन धावपटू बाईंना डोंगरात वापरायच्या संदेशयंत्रासाठी थांबवून पोलिसांकडे नेलं. त्यांनी ते स्वतःच बॅगेतून काढून तपासणीच्या पट्ट्यावर ठेवलं होतं.

मग कुलूप कोणतं ठेवावं आणि कोणतं काढावं? कसोटी सोपी आहे: ते कुणाचं रक्षण करतं? चोरीला गेलेल्याचं, अपघातात सापडलेल्याचं रक्षण करत असेल तर ते असावं, आणि सगळ्या देशांनी एकमेकांचं मानावं. विकणाऱ्याच्या दोन देशांतल्या दोन भावांचं रक्षण करत असेल तर पैसे चुकते झाल्या दिवशी ते आपोआप गळून पडावं. सुरतेत कुणी म्हणेल, एवढी कटकट आहे तर परदेशी फोन घेताच कशाला, दहा हजारांत नवा देशी मिळतो. सल्ला रास्त आहे. पण जुन्या फोनचा बाजार सल्ल्यावर चालत नाही. आठ हजारांत आयफोन हातात येतोय म्हटल्यावर वीस वर्षांचा मुलगा काय करतो हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि त्याच्या हौसेला हसण्याआधी, अडाजणच्या फ्लॅटमधली हौसही त्याच फोनची होती हे आठवावं.

त्याला संरक्षण नको, माहिती हवी. आज १४४२२ वर 'केवायएम' आणि आयएमईआय लिहून एसएमएस केला की फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल आणि काळ्या यादीत आहे का, हे कळतं. २०२५ मधल्या नियमदुरुस्तीनं जुन्या फोनांची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर ही यादी तपासण्याची जबाबदारी टाकली आहे. हे चांगलं पाऊल अर्ध्यावर थांबलेलं आहे. आयएमईआयचे पहिले आठ आकडे मॉडेलचे असतात. म्हणजे इथले बँड त्यात आहेत का, सिमची खाच आहे का, हे त्याच एसएमएसच्या उत्तरात सांगणं अवघड नाही. सिमचं कुलूप शिल्लक आहे का, दुरुस्तीची हमी भारतात मिळते का, हे कंपन्यांच्या संगणकात आहे. ते उघड करायला भाग पाडणं सरकारच्या हातात आहे. दुकानदार चिठ्ठीवर नुसतं 'इम्पोर्टेड' लिहितो, तिथे देशाचं नाव लिहिणं सक्तीचं करायला कुणाची परवानगी हवी आहे?

तोवर प्रश्नोत्तरं काउंटरवरच चालतील. शनिवारी लूमचा पगार होतो आणि संध्याकाळी पोरं दुकानात येतात. त्यातला एखादा पोरगा जेवणाचा डबा पिशवीत तसाच ठेवून फोन हातात घेतो, मागचं सफरचंद अंगठ्यानं पुसतो, कॅमेरा उघडून मित्राचा फोटो काढतो. फोटो छान येतो. भाव ठरतो, हजार कमी होतात. "कुठला आहे?" तो विचारतो. "दुबई," दुकानदार म्हणतो, आणि ते सांगताना त्याचा आवाज थोडा चढतो, जणू दुबई म्हणजे हमीच. गावाकडे आईला लावून बघू म्हणून पोरगा आपल्या जुन्या फोनमधलं सिम पिनेनं काढतो, तळहातावर ठेवतो आणि नव्या फोनच्या कडेवरून नख फिरवतो. एक बाजू होते, मग दुसरी, मग खालची.